बाटली तीच, सीलंट दुसरं

पाणी आणि मळ चिकटून बसू नये म्हणून गाडीच्या रंगावर मी जे सीलंट लावते, ते कंपनीनं बदललं. नाव तेच, बाटलीचा आकार तोच, लेबलही तेच. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'सुधारित फॉर्म्युला' एवढं वाढलंय. काय सुधारलं, का सुधारलं, लावायची पद्धत बदलली का, याबद्दल अवाक्षर नाही.

एखादी वस्तू बरीच वर्षं वापरली की हाताला तिची सवय होते. फोमवर किती घ्यायचं, किती वेळ थांबायचं, पुसताना हात किती हलका ठेवायचा, हे न मोजता जमतं. आतला मसाला बदलला की हीच सवय आडवी येते. जुन्या बाटलीत तळाशी थोडं शिल्लक होतं, म्हणून मी बॉनेटचे दोन भाग केले: अर्ध्यावर जुनं, अर्ध्यावर नवं, आणि मधे हातभर रुंदीचा पट्टा तसाच कोरा. मग गाडी नेहमीसारखी वापरली आणि बघत राहिले.

माझं मत आधीच सांगते. सीलंट चांगलं की वाईट हे पाण्याचा थेंब किती गोल बसतो यावरून ठरवायची पद्धत पडली आहे, आणि ती चुकीची आहे. पाणी निघून कसं जातं, मळ किती धरून राहतो आणि सीलंट संपत आल्यावर कसं वागतं, हे बघायला हवं. पहिल्या दिवशीच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडीचा रंग म्हणजे एकावर एक चढवलेले थर: पत्र्याला गंजापासून वाचवणारा प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो. गाडीची सगळी चकाकी त्याच्यावर अवलंबून, आणि ऊन, पक्ष्यांची विष्ठा, धुताना पडणारे ओरखडे हे सगळं सोसणाराही तोच. सीलंटचा थर यापुढे अगदीच नगण्य, एका मायक्रॉनहूनही पातळ. त्यामुळे सीलंटनं ओरखडे थांबतील अशी आशा धरू नये. त्याचं काम एवढंच की पाणी आणि मळ रंगाला चिकटून बसू नये आणि धुताना कमी घासावं लागावं. पण कमी घासावं लागणं हीच रंगाच्या आयुष्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण रंगाचं बहुतेक नुकसान आपण स्वतःच फडक्यानं करत असतो.

मेण आणि सीलंट यांत लोक गल्लत करतात. कार्नाउबा मेण ब्राझीलमधल्या एका पामच्या पानांवरून मिळतं आणि ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. गडद रंगाचा पत्रा भर उन्हात ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे मेण वितळलं नाही तरी मऊ पडतं. सीलंट सिलिकॉनच्या लांब साखळ्यांचं बनलेलं असतं. त्या साखळ्यांवर ॲमिनो गट असतात, ते रंगाच्या पृष्ठभागाला धरतात. काही प्रकारांत अल्कोक्सी गटही असतात, ते हवेतल्या ओलाव्यानं एकमेकांत गुंफले जातात. सीलंट लावल्यावर गाडी काही तास कोरडी ठेवा असं सांगतात ते या गुंफणीला वेळ मिळावा म्हणून.

आता बदल काय झाला ते. लेबल काही सांगत नव्हतं म्हणून मी दोन्हीच्या सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाच्या सुरक्षिततेची माहिती देणारे कंपनीचे कागद, शेजारी ठेवल्या. माझं रोजचं काम प्रयोगशाळेतलं, त्यामुळे हे कागद वाचायची सवय आहे, पण कुणालाही ते जमतील. या कागदाचे १६ भाग असतात आणि आपल्या कामाचे मुख्य दोन: तिसऱ्यात घटक, नवव्यात भौतिक गुणधर्म. जुन्या कागदात तिसऱ्या भागात हायड्रोकार्बन द्रावक होतं आणि डेकामेथिलसायक्लोपेंटासिलोक्सेन होतं. एवढं लांब नाव कुणी घेत नाही, सगळे त्याला डी५ म्हणतात. घटकाच्या पुढे सीएएस क्रमांक असतो, डी५चा ५४१-०२-६. कंपनी नाव कसंही लिहो, हा क्रमांक बदलत नाही. नव्या कागदात तो क्रमांकच नव्हता. द्रावकाचं प्रमाणही बरंच खाली आलेलं. नवव्या भागात जुन्याला फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते, दिला होता, नव्यात त्या ओळीत 'लागू नाही', आणि जिथे पूर्वी काही नव्हतं तिथे पीएच आला होता. पीएच आला म्हणजे पाणी आलं. जुनं सीलंट द्रावकात होतं, नवं पाण्यातलं इमल्शन आहे, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं. 'सुधारित' या शब्दामागे एवढं मोठं काही दडलेलं होतं.

डी५ काढण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे आणि मला ते पटतं. डी४, डी५, डी६ ही सिलिकॉनची छोटी कडी. ती पर्यावरणात लवकर मोडत नाहीत, म्हणून २०१८ साली युरोपीय महासंघाच्या रसायन संस्थेनं त्यांना अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातलं. धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी४ आणि डी५ वर ३१ जानेवारी २०२० पासून मर्यादा आली. २०२४ साली नियम आणखी वाढवला: यांपैकी कुठलंही ०.१ टक्का किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक ग्राहकोपयोगी उत्पादनं ६ जून २०२६ नंतर तिथल्या बाजारात आणता येत नाहीत. वॅक्स आणि पॉलिशही त्यातच येतात. म्हणजे तिथे माल विकणाऱ्याला मसाला बदलणं भागच आहे. हेच लेबलवर दोन ओळींत लिहिलं असतं तर मी कंपनीचं मनापासून कौतुक केलं असतं.

पण डी५ उगाच वापरत नव्हते. त्याचा पृष्ठताण फार कमी, १८ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास. पाण्याचा ७२. पृष्ठताण जितका कमी तितकं द्रव आपणहून पसरतं. डी५ रंगावर सरसर पसरायचं, सिलिकॉन सगळीकडे सारखं पोचवायचं आणि मागे काही न ठेवता उडून जायचं. जुनं सीलंट लावताना जो लोण्यासारखा हात फिरायचा तो त्याच्यामुळे. त्याच्या जागी पाणी आलं की ते रंगावर पसरत नाही, गोळा होतं. त्याला पसरवायचं तर इमल्सिफायर घालावा लागतो, म्हणजे साबणाच्या जातीचं काहीतरी. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा मोठा संबंध येतो.

तयारी दोन्ही बाजूंची अगदी सारखी केली, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. आधी न्यूट्रल शॅम्पूनं धुतलं. मग लोहकण काढायचं रसायन मारलं. ब्रेक पॅड आणि डिस्कमधून उडणारे लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून बसतात. या रसायनातलं थायोग्लायकोलेट त्यांच्याशी संयोग पावलं की जांभळे ओघळ येतात आणि गंधकासारखा उग्र वास सुटतो. मग क्ले, म्हणजे रुतलेला मळ ओढून काढणारा मऊ गोळा, फिरवली. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून बोटं फिरवली की राहिलेली खरखर लगेच कळते, उघड्या बोटांना ती जाणवत नाही. हलकं पॉलिश, त्याचं तेल काढायला पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मग मधल्या पट्ट्यावर मास्किंग टेप.

जुनं उघडलं की रॉकेलसारखा तो ओळखीचा वास. फोमवर वाटाण्याएवढे ठिपके, अर्धं बॉनेट, काही मिनिटांत धूसर पांढरट पापुद्रा, बोट ओढलं की स्वच्छ रेघ, मग कोरड्या मायक्रोफायबरनं पुसलं. संपलं.

नवं दुधासारखं पांढरं आणि पातळ. वास जवळजवळ नाहीच, आणि बंद जागेत काम करणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. बाटली नीट हलवावी लागते, कारण इमल्शन ठेवून ठेवून वर-खाली वेगळं होतं. पसरतं चांगलं, पण धूसर व्हायला वेळ लावतं. त्या दिवशी हवेत दमटपणा होता, आणि पाणी उडायचं तर हवेला ते घेता आलं पाहिजे. बोटानं ओढून बघितलं तर रेघ पुसट, कडा मिटत जाणाऱ्या. जुन्याच्या हिशोबानं एवढ्यात पुसून झालं असतं. मी थांबले. रेघ स्वच्छ आली तेव्हाच पुसलं, आणि तेव्हा फडकं एका हातात निघालं, डाग नाही, ओघळ नाही. नव्या बाटलीबद्दल 'पुसताना चरे उमटतात' असं म्हणणारे बहुधा जुन्या वेळेनं पुसतायत. घड्याळाकडे न बघता बोटानं रेघ ओढून बघा, ती दमट हवेतही खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी टेप काढली आणि फवाऱ्यानं डिस्टिल्ड वॉटर मारलं. नळाचं पाणी मुद्दाम घेतलं नाही, त्यातले क्षार मधे येतात. जुन्या बाजूला थेंब एकदम टपोरे, एकसारखे. कोऱ्या पट्ट्यावर पाणी पसरलेलं, वेडंवाकडं. नव्या बाजूला मात्र काहीतरी मधलंच: थेंब होते, पण बसके, काही ठिकाणी दोन-तीन एकत्र येऊन चपटे झालेले. इथेच कुणी फोटो काढला असता तर नव्या सीलंटचा निकाल लागला असता.

इथे तो इमल्सिफायर आठवावा. पाण्याला रंगावर पसरवायला घातलेला पदार्थ पाणी उडाल्यावर जातो कुठे? थोडा पृष्ठभागावरच राहतो. आणि पाण्याला पसरवणं हेच त्याचं काम असल्यामुळे तो थेंबालाही बसकं करतो. मी दोन्ही बाजूंवर साधं पाणी भरपूर सोडलं, शॅम्पू नाही, घासणं नाही, आणि गाडी वाळू दिली. मग पुन्हा फवारा मारला. नवी बाजू उठून आली. तेच बॉनेट, तेच सीलंट, फक्त वर राहिलेला साबण निघून गेला होता. पाण्यातलं कुठलंही सीलंट पहिल्या धुण्याआधी तपासू नये, हे मी आता ठामपणे सांगेन.

तरीही जुन्याएवढे टपोरे थेंब नव्याला येत नाहीत. मी फोन बॉनेटच्या पातळीला आणून थेंबांचे आडवे फोटो घेतले आणि कडेला स्पर्शरेषा काढून तिचा पत्र्याशी होणारा कोन मोजला; थेंब जितका टपोरा तितका हा कोन मोठा. जुन्या बाजूला कोन शंभर अंशांच्या बराच वर, नव्या बाजूला शंभराच्या आसपास. या कोनाचं गणित थॉमस यंग यांनी १८०५ साली मांडलं: द्रव, घन आणि हवा यांच्या सीमेवर तीन ओढींचा जो तोल साधतो त्यावर कोन ठरतो. ९० अंशांपुढे गेला की पृष्ठभाग पाणी नाकारतो असं म्हणतात. आणि एक मर्यादा लक्षात असू द्या: पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर कोन १२० अंशांच्या आसपासच अडतो, रसायन कितीही चांगलं असो. त्यापुढे जायला खडबडीतपणा लागतो. अळूच्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर. त्या उंचवट्यांच्या टोकांवर थेंब टेकतो, खाली हवा अडकलेली राहते, म्हणून पाणी तिथे पाऱ्यासारखं पळतं. गाडीच्या रंगाला आपल्याला गुळगुळीतच ठेवायचं असतं, तेव्हा चकाकी आणि अळवावरचं पाणी दोन्ही एकाच वेळी मागू नये. गुळगुळीत रंगावर दीडशे अंशांचा दावा कुणी करत असेल तर मी ती बाटली घेणार नाही.

खरी मजेची गोष्ट पुढे झाली. माझा धाकटा भाऊ आला होता. त्याला कुठली बाजू कुठली हे सांगितलं नाही. सगळीकडे सारखा फवारा मारला आणि त्याला म्हटलं, "बॉनेट उघड, पण अगदी हळू, आणि कुठल्या बाजूचं पाणी आधी निघतंय ते सांग." बॉनेट बंद असताना थोडं पुढे उतरतं असतं, उचललं की आधी सपाट होतं आणि मग उतार काचेकडे होतो. तो बोटं कडेला धरून वर नेत होता. मी बाजूला उभी राहून बघत होते. बॉनेट थोडंच वर गेलं असेल, एका बाजूचे मोठे थेंब सुटले, वाटेतल्या छोट्यांना गोळा करत काचेच्या कडेला गेले. दुसऱ्या बाजूचे अजून जागच्या जागी, अगदी टपोरे, खाली बाक आलेले, पण धरून बसलेले.

"ताई, ही बाजू आधी," तो म्हणाला, "पण थेंब तर त्या बाजूचे छान दिसतायत."

आधी सुटलेली बाजू नव्या सीलंटची होती.

पुन्हा करून बघितलं, बाजू बदलून उभे राहून, फवारा कमी-जास्त करून. तेच. यात आश्चर्य काही नाही, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते पटत नाही. उतारावरच्या थेंबाला दोन कोन असतात: पुढच्या कडेचा मोठा, मागच्या कडेचा लहान. या दोघांतलं अंतर जितकं जास्त, तितका थेंब मागच्या टाचेनं धरून राहतो. थेंब किती उंच बसतो आणि किती सहज सुटतो या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सिलिकॉनच्या साखळ्या मोकळ्या, हलत्या राहिल्या तर कोन फार मोठा नसला तरी पाणी अडकत नाही. साखळ्या जागोजागी घट्ट किंवा असमान बसल्या तर थेंब दिसायला देखणा असतो आणि सुटत मात्र नाही.

रोजच्या वापरात याचा अर्थ काय? उभा राहिलेला थेंब तिथेच वाळतो. पाणी उडतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कडेला जमा होतात आणि पांढरं कडं उरतं. थेंब जितका टपोरा तितकं जास्त पाणी एकाच जागी वाळतं, आणि कडं तितकं घट्ट. धुतल्यावर जुन्या बाजूला मला प्रत्येक वेळी फडकं फिरवावं लागलं. नव्या बाजूचं पाणी बरंचसं आपणहून उतरलं, आणि जे राहिलं त्याच्यासाठी फडकं नुसतं टेकवलं तरी पुरलं. दारांवर, मडगार्डवर फरक कळत नाही, कारण उभ्या पत्र्यावरून पाणी तसंही जातं. बॉनेट, टप आणि डिकीचं झाकण, या आडव्या भागांवरच खरं दिसतं.

धुळीच्या बाबतीतही मला नवंच बरं वाटलं. पाऊस पडून गेल्यावर जुन्या बाजूला प्रत्येक थेंबाच्या जागी मातीचा ठिपका, नव्या बाजूला ठिपके कमी आणि काचेकडे गेलेले ओघळ. कोऱ्या पट्ट्यावर सगळीकडे सारखा राखाडी थर. गाडी गडद निळी आहे, त्यामुळे काहीच लपत नाही.

चकाकीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जुन्यानं रंग पहिल्या दिवशी जरा गडद, ओला दिसतो. एक-दोनदा धुतलं की तो भास जातो. फोनचा टॉर्च लावून बघितलं तर तिन्ही भाग सारखेच. चकाकी पॉलिशमुळे येते, सीलंट ती फार तर टिकवतं.

जुनं विझतं ते हळूहळू. थेंबांचे काठ आधी वेडेवाकडे होतात, मग ते बसतात, मग पाणी पसरू लागतं. नवं मात्र एक दिवस अचानक गेल्यासारखं वाटलं. धुतल्यावर पाण्याचा सलग पडदा, कोऱ्या पट्ट्यासारखाच. संपलं म्हणून मी दुसरा हात देणार होते, पण हात लावून बघितला तर पृष्ठभाग अजून निसरडा लागत होता, कोऱ्या पट्ट्यावर बोट अडखळत होतं तसं अडखळत नव्हतं. म्हणून आधी जरासा आम्लधर्मी शॅम्पू वापरला, क्षार विरघळवणारा. खळखळून धुतलं, आणि पाणी पुन्हा पूर्वीसारखं पळायला लागलं. सीलंट गेलं नव्हतं, त्याच्यावर क्षारांचा आणि धुळीच्या मेणचटपणाचा थर बसला होता. पातळ थराच्या सीलंटांना हे जास्त होतं. थेंब दिसेनासे झाले की लोक लगेच नवा हात देतात, आणि तो मळावरच बसतो. आधी झाकण काढा, मग खाली काय उरलंय ते बघा.

आम्लधर्मी शॅम्पू सावलीत, थंड पत्र्यावर आणि वाळू न देता वापरायचा, एवढी काळजी मात्र हवी. उलट बाजूला, कडक अल्कलीचे फोम दोन्ही सीलंटांना सारखेच जड जातात. टायर आणि इंजिन धुवायचं रसायन बॉनेटवर ओघळलं तर तेवढा पट्टा उघडा पडतो.

पक्ष्यांच्या विष्ठेबद्दल दोन्हीकडून चमत्काराची अपेक्षा नको. त्यात युरिक आम्ल असतं. उन्हात क्लिअर कोट तापून मऊ पडतो, प्रसरण पावतो. वर विष्ठा वाळून कडक झालेली असते. पत्रा थंड झाला की रंग तिच्या आकारात आकसतो. खळगा राहतो तो असा, आणि एका मायक्रॉनहून पातळ थर त्याला अडवू शकत नाही. फायदा एवढाच की दिसल्या दिसल्या ओलं फडकं ठेवलं तर घासावं लागत नाही, उचलली जाते.

नवी बाटली घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी. जुन्यावर नवं चढवू नका. द्रावकातल्या सिलिकॉनच्या थरावर पाण्यातलं इमल्शन नीट धरत नाही, ते गोळा होतं. आधी हलकं पॉलिश करून जुनं काढा. दुसरा हात द्यायचा तर पहिला पूर्ण बसू द्या. पाण्यातलं सीलंट गोठू देऊ नका, एकदा इमल्शन फुटलं की हलवून जुळत नाही. पुढच्या काचेवर लावू नका, वायपर कचकच उड्या मारत जातो. काळ्या प्लास्टिकवर जुन्याचे पांढरे डाग राहायचे, नव्याचे राहत नाहीत, आणि कडा जपत बसण्याचा वेळ वाचतो याचं मला फार बरं वाटलं. आणि एखादा भाग पुन्हा रंगवायचा असेल तर गॅरेजवाल्याला आधी सांगा की वर सिलिकॉन आहे. त्याचा अंश जरी राहिला तरी ओल्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात, आणि सगळं घासून पहिल्यापासून करावं लागतं. हे जुन्यालाही लागू होतं, नव्यालाही.

कंपनीकडून मला एकच हवं आहे. वस्तू बदलली की नाव बदला, नाहीतर निदान पुढच्या बाजूला ठळक लिहा: पाण्यातलं आहे, जास्त वेळ थांबा, पहिलं धुणं झाल्यावर पाणी बघा. या तीन ओळी बाटलीवर असत्या तर कितीतरी जणांनी पहिल्या दिवशीचे बसके थेंब बघून चांगलं सीलंट बाजूला ठेवलं नसतं.

भावाला अजून जुन्याच बाजूचे थेंब आवडतात. त्याची गाडी पांढरी, आणि ती बहुतेक वेळ छपराखाली असते, तेव्हा उरलेली जुनी बाटली मी त्याला दिली. माझ्या गाडीच्या आडव्या भागांवर आता नवंच लागेल. बॉनेटवरचा कोरा पट्टा मात्र पुढच्या पॉलिशपर्यंत तसाच ठेवणार आहे. धुताना त्याच्यावर फडकं अडखळलं की सीलंट किती काम करतंय हे दर वेळी नव्यानं तपासता येतं.